सोर्बेत्तोच्या वेळचं गाणं

त्या संध्याकाळी मला फक्त बसायचं होतं.

डोक्यावर पिसांचा मुकुट, अंगात दारातून आडवं होऊन जावं लागेल असा घेरदार झगा, पायात दुसऱ्याच कुणाच्या मापाचे बूट... आणि सकाळपासून पोटात पावाचा एक तुकडा. माझं गाणं संपलं होतं. आम्हा ऑपेरात गाणाऱ्यांत रीतच आहे, आपलं गाणं झालं की टाळ्या पडोत न पडोत, रंगमंचावरून निघून जायचं. माझ्या गाण्याला टाळ्या पडत नसत, म्हणून मी जरा लवकरच निघायची. मागच्या जिन्याने खाली आले, तर पायथ्याशी अंधारात एक लाकडी पिंप उपडं घातल्यासारखं दिसलं. मी त्यावर अंग टाकलं.

"उठा!"

"दोन मिनिटं बसू द्या हो," मी डोळे मिटूनच म्हणाले. "पार्थियाच्या राणीची सखी आहे मी. दमलेय."

"सखी असा नाहीतर खुद्द राणी असा. माझ्या लिंबावर बसलायत तुम्ही!"

तोवर गारवा झग्याच्या सगळ्या थरांतून आत पोचला होता. मी किंचाळून उठले. पिंपावर ओलं पोतं, पोत्याखाली झाकण, झाकणाखाली मीठ घातलेला बर्फ आणि बर्फात तांब्याचं भांडं. आणि समोर हातात लांब डाव घेतलेला एक रुंद माणूस, हसू दाबायचा प्रयत्न करत उभा. त्याला ते नीट जमत नव्हतं.

"हसा," मी म्हणाले. "नाटकात माझ्याकडे बघून कुणीच हसत नाही, रडतही नाही. तेवढंच."

तो हसला नाही. त्याने पिंप उघडलं, छोट्या पेल्यात लिंबाचा सोर्बेत्तो, म्हणजे बर्फात गोठवलेलं सरबत, भरला, कडेला चमचा खोचला आणि माझ्यापुढे धरला. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या होत्या.

"घ्या. बसलातच आहात, तर चाखा पण."

हा सावेरियो. आमच्या नाट्यगृहाच्या जिन्याखाली त्याच्या आजाच्या वेळेपासून यांचीच सोर्बेत्तोची जागा. मी नेपल्समध्ये त्या हंगामात नव्यानेच आलेली, त्यामुळे मला हे ठाऊक नव्हतं. त्यालाही माझं नाव ठाऊक नव्हतं... पण माझ्या गाण्याशी त्याचा फार जवळचा संबंध होता.

म्हणजे असं. ऑपेरात पहिल्या नायिकेला पाच गाणी, दुसरीला तीन आणि माझ्यासारख्या तिसरीला एक. तेही दुसऱ्या अंकाच्या मध्यावर, सगळ्यांना पाय मोकळे करायचे असतात तेव्हा. माझी व्हायोलिनं सुरू झाली की खालचे लोक बाकांवरून उठतात, वरच्या सज्ज्यांतल्या बायका नोकरांना पेले आणायला पिटाळतात, आणि सगळं नाट्यगृह सोर्बेत्तो खायला लागतं. म्हणून त्या गाण्याचं नावच सोर्बेत्तोचं गाणं. चौदा वर्षं मी हेच करत आले होते. बारीत, मेस्सीनात, लिव्होर्नोत... माझ्या आवाजावर अर्ध्या इटलीने सोर्बेत्तो खाल्लाय.

"म्हणजे ती तुम्ही होय!" मी हे सांगितल्यावर सावेरियो म्हणाला. "टिंग-टिडिंग, टिंग-टिडिंग... ते वाजलं की मी झाकणं उघडतो. तीन दिवस तेच करतोय."

"आणि पुढचं गाणं?"

"पुढे कुठलं ऐकू येतंय! 'लिंबू दोन, चेरी एक, दालचिनी संपली का रे?' पुढे हेच माझं गाणं."

"काही गमावत नाही तुम्ही," मी म्हणाले. "वादळातल्या नावेवर आहे. माझ्या वाट्याला दरवर्षी एक नाव येतेच."

"बुडते?"

"नाही. रोज वाचते."

"बरं आहे बाई तिचं," तो म्हणाला, आणि आता मात्र हसला.

दुसऱ्या दिवशी मी त्या जिन्याने उतरले ते सवय म्हणून नाही. सरळ सांगते, उगाच आढेवेढे कशाला? मला त्याला भेटायचं होतं. मग रोजच जाऊ लागले. गर्दी ओसरलेली असायची. तो फडक्याने पेले पुसत असायचा, आणि भांड्याच्या तळाशी राहिलेला दाट, गोड थर माझ्यासाठी वेगळा काढलेला असायचा.

"काय, वाचली का नाव?"

"वाचली. तुमची चेरी वाचली का?"

"तुमच्यासाठी वाचवली..." एवढं बोलून तो लगेच पेल्यांकडे वळायचा. त्या लाल हातांचा माणूस कानापर्यंत लाल झालेला मला पाठीमागूनही दिसायचा.

कधी तो मला मुकुट काढायला लावायचा, आणि मान चोळत मी बर्फाच्या पिंपाला टेकून बसायची. कधी मी त्याच्या भेगांना माझ्या डबीतलं बदामाचं तेल लावून द्यायची. तो हात पुढे करायचा आणि तोंड भिंतीकडे. एकदा मी मुद्दाम हळूहळू लावलं. "संपलं का?" त्याने विचारलं. "घाई आहे का?" मी विचारलं. "नाही..." तो म्हणाला. वरून पहिल्या नायिकेच्या ताना ऐकू येत होत्या आणि मला पहिल्यांदाच तिचा हेवा वाटत नव्हता.

माझे कपडे सांभाळणाऱ्या रोझेल्ला मावशीच्या नजरेतून काही सुटत नसे.

"सोर्बेत्तो खाऊन खाऊन घसा बसेल तुझा, कार्मोझीना."

"बसू दे. कुणाला कळणार आहे?"

"गालांना आज रंग कुठल्या डबीतला लावलास ग? आपल्या डबीतला दिसत नाही."

"मावशी, बंद ओढा आणि गप्प बसा."

"ओढते हो. पण तुला सांगून ठेवते, कार्निव्हल संपला की आपण पेट्या भरतो. दरवर्षी भरतो. तू आणि मी, जाऊ तिथे दोघीच."

पेट्या भरणं... त्या शब्दानेच मला थकवा यायचा. चौतीस वर्षांची झाले होते. दर कार्निव्हलला नवं गाव, नवी ओली खोली, नव्या राणीची तीच जुनी सखी. मला आता कुठेतरी एका खिडकीतून दोन उन्हाळे बघायचे होते. आणि ती खिडकी कुठली असावी, हे मला पक्कं ठरलेलं वाटत होतं.

कार्निव्हलच्या शेवटच्या रविवारी आमचे मालक डॉन लिबोरियो माझ्या खोलीत आले. आवाजात साखर घोळलेली. त्यांनी सांगितलं, की वसंतात कंपनी लिस्बनला चाललीय, मी हवी आहे. पुन्हा तिसरीच. पुन्हा एक गाणं. जहाज पंधरा दिवसांनी.

"समुद्रावर आहे का गाणं?" मी विचारलं.

"तुला कसं कळलं?" ते खूश होऊन म्हणाले.

मी बुधवारपर्यंत वेळ मागून घेतला आणि त्याच संध्याकाळी, माझं गाणं झाल्यावर, जिना उतरून सावेरियोसमोर जाऊन उभी राहिले. बसले नाही.

"सावेरियो, मला लिस्बनला बोलावलंय."

त्याचा पुसता हात थांबला. "केव्हा?"

"केव्हा ते नका विचारू. मला जायचं नाहीये." मनात म्हटलं, आता बोलले नाही तर जन्मभर नावच वाचवत बसेन. "मला इथे राहायचंय. तुमच्याजवळ. मी लिंबं पिळीन, पेले धुवीन, काय लागेल ते. मला तुम्ही आवडता, सावेरियो. फार आवडता."

हातातला पेला त्याने हळूच खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

इतकं साधं. मला वाटलं, पुढे काहीतरी असेल... पण, परंतु, आत्ता नको. तसलं काही नव्हतं.

"दुसरं कुणी आहे का?"

"कुणी नाही. तुमच्याइतकं कुणीच नाही..." त्याने माझ्याकडे बघितलं आणि चटकन नजर काढून घेतली. "पण बघा सिन्योरा, मी तुम्हाला कधी ऐकलेलं नाही. तुम्ही चांगल्या गात असाल, तर तुम्हाला या जिन्याखाली लिंबं पिळायला बसवणं पाप आहे. आणि वाईट गात असाल, तर मग तुम्ही माझ्याकडे दमून येताय. त्या दिवशी पिंपावर बसलात ना, तशा. पिंप दिसलं म्हणून बसलात."

"हे तुम्ही ठरवणार? मी कशासाठी येते ते?"

"मी नाही ठरवत. पण दमलेल्या माणसाला कुठलीही बैठक चांगली वाटते हो. दोन वर्षांनी दमणूक गेली, की तुम्ही बंदराकडे बघत बसाल. मला ते बघवणार नाही."

त्यातलं निम्मं खरं होतं. मी दमलेलीच होते. पण उरलेलं निम्मं या माणसाला कसं सांगायचं? बोलून सांगितलं होतं, ते त्याने ऐकलं आणि परत केलं.

खोलीत येऊन मी रडले. पोटभर रडले, रंग धुऊन निघाला तरी रडले. रोझेल्ला मावशीने माझा मुकुट काढून घेतला आणि पाठीवर हात ठेवून बसली.

"माझी पेटी उघडा मावशी," शेवटी मी म्हणाले. "सगळ्यात खालचं काढा."

प्रत्येक गाणारणीच्या पेटीत एकटीने गायची एक आरिया असते. स्वतःची. कुठल्याही ऑपेरात, कुठल्याही अंकात घालता येईल अशी, कारण ती कुणा राणीची नसते, आपली असते. मोठ्या नायिका तर मनात आलं की संगीतकाराचं गाणं बाजूला सारून आपलं पेटीतलं काढतात, आणि कुणी चकार शब्द बोलत नाही. तिसरीने असं करायचं नसतं. म्हणून माझ्या गुरुजींनी मला दिलेलं गाणं बारा वर्षं तळाशी पडून होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, आणि दुसऱ्या व्हायोलिनाचं शेवटचं पान उंदराने निम्मं खाल्लेलं.

सोमवारी सकाळी ते कागद घेऊन मी वाद्यवृंद चालवणाऱ्या हार्प्सिकॉर्डवाल्या मास्तरांकडे गेले. म्हातारा माणूस, नाकावर चष्मा, बाहीवर तपकीर.

"उद्या नावेच्या जागी हे गाऊ का?"

त्यांनी पानं चाळली. "हे शोकाचं आहे. नाकारलेल्या बाईचं. आणि तू तर नाटकात सखी. तुला कुणी नाकारलंय?"

"त्याची चौकशी कोण करणार आहे, मास्तर?"

"तेही खरं." त्यांनी खांदे उडवले. "सोर्बेत्तोच्या वेळेला काय गातेस याचं कुणाला सोयरसुतक आहे? हवं ते गा. दुसरी व्हायोलिनं पहिल्यांच्या मागून जातील. फक्त लांबवू नको, पोरी. लोक परत येतात तोवर संपव."

कुणी ऐकत नाही, एवढ्या एका गोष्टीमुळे मला परवानगी मिळाली होती. चौदा वर्षांत त्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

मंगळवारी नाट्यगृह खचाखच भरलं होतं. कार्निव्हलचा शेवटचा दिवस, उद्यापासून उपासाचे चाळीस दिवस सुरू. त्यामुळे सगळ्यांना सगळं आजच हवं होतं. मुखवटे, संत्री, पत्ते, भांडणं. सावेरियोने त्या दिवसासाठी रोजच्या दुप्पट माल केला होता. सकाळीच त्याच्याकडे बर्फाच्या दोन गाड्या उतरताना मी खिडकीतून बघितल्या होत्या. रविवारनंतर मी त्या जिन्याने गेले नव्हते.

दुसरा अंक मध्यावर आला. मी पुढे जाऊन उभी राहिले. खाली लोकांनी टोप्या उचलल्या, कुणी कोपराने शेजाऱ्याला ढोसलं. पुढच्या बाकावरचा एक जाडा वकील तर उठूनही अर्धा वाकला होता.

आणि व्हायोलिनं सुरू झाली... टिंग-टिडिंग नाही. अगदी हळू, खालच्या सुरात, एकमेकांचा हात धरून जिना उतरावा तशी. लोक जरा गोंधळले. ही आपली उठायची खूण नाही, असं काहीतरी त्यांच्या पायांना वाटलं असावं.

मी गायला लागले.

*नाही म्हणालास, ते मी ऐकून घेतलं.
आता माझं आहे म्हणणं, ते तू ऐकून घे.*

बस, एवढेच शब्द. गुरुजी म्हणायचे, शब्द थोडे असले की गाणाऱ्याला पळायला जागा राहत नाही. मी पळालेही नाही. त्या लाल हातांना, त्या अर्ध्या हसण्याला, खाली ठेवलेल्या पेल्याला, जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या दोन ओळींत घातलं. आवाज कुठून येत होता देव जाणे. मला वाटलं होतं, माझ्याकडे एवढाच, सखीपुरताच आवाज आहे. तो माझ्याआधी पुढे गेला आणि मी त्याच्यामागून.

जाडा वकील अजून तसाच होता. अर्धा उठलेला, हातात टोपी. मग हळूच खाली बसला. वरच्या सज्ज्यात कुणीतरी पत्ते टेबलावर ठेवले. कुणी बाहेर जात नव्हतं.

मला खरंच कळेना, यांना झालंय काय! जे दहा-वीस जण दारापर्यंत पोचले होते, ते दारातच थांबले. ज्याच्यासाठी मी गातेय, तो तर दोन दारं आणि एका जाड पडद्यापलीकडे, जिन्याखाली झाकणं उघडून उभा. आणि ज्यांच्याशी माझं काही बोलणंच नव्हतं, ते सगळे ऐकत बसलेले. हसू येत होतं आणि रडूही. पहिला भाग संपत आला आणि मला वाटलं, गेलं. सांगायचं ते सांगून झालं आणि ज्याला सांगायचं त्याने ऐकलंच नाही.

मग मधला भाग आला. सूर बदलले.

*सूड घेणार नाही, मरणारही नाही,
उद्याही सकाळी उठेन, केस विंचरेन...*

आणि मागचं दार उघडलं.

सावेरियो होता. कमरेला चामड्याचा पट्टा, हातात डाव, डावातून टपटप लिंबू गळतंय. विक्रेत्यांना आत यायची बंदी, पण दारावरचा माणूस माझ्याकडे बघत होता, त्याचं लक्षच नव्हतं. एवढी गर्दी आज बाहेर का आली नाही, कुठे आग लागली की कुणी मेलं, हे बघायला बिचारा धावत वर आला होता. त्याने लोकांकडे बघितलं. मग लोक जिकडे बघत होते तिकडे, माझ्याकडे.

आमच्या या गाण्यांचं एक बरं असतं. मधला भाग झाला की पहिला पुन्हा गायचा असतो. तेच शब्द, पहिल्यापासून. फक्त या खेपेला गाणाऱ्याने त्यात आपल्या मनचं घालायचं. म्हणजे जे सांगायचं ते दोनदा सांगता येतं. ज्याने पहिल्यांदा ऐकलं नसेल, त्यालाही.

*नाही म्हणालास...*

"नाही" या एका शब्दावर मी इतकी थांबले, की मास्तरांनी चष्म्यावरून वर बघितलं. तो शब्द मी वर नेला, खाली आणला, उलटा करून पाहिला. चिडले त्याच्यावर, समजूत घातली, हसले. दोन रात्री उशाशी घेऊन झोपले होते मी तो शब्द. त्याचा कानाकोपरा मला पाठ होता. आणि *आता माझं आहे म्हणणं...* तिथे मी काहीच सजवलं नाही. त्याच्याकडे बघितलं आणि सरळ म्हटलं. मध्ये चारशे माणसं होती. मला एकाचीही लाज वाटली नाही.

संपलं. मी वळले आणि रिवाजाप्रमाणे निघाले. दोन पावलं टाकली, तीन टाकली. आणि मग छत खाली येतंय असा आवाज झाला. मी घाबरून मागे बघितलं... टाळ्या होत्या.

पडद्याआड डॉन लिबोरियो दोन्ही हात डोक्याला लावून उभे. "काय केलंस हे? एक माणूस बाहेर गेला नाही! सोर्बेत्तोवाला आता माझ्या बोकांडी बसेल!" तेवढ्यात बाहेर पाय आपटून "पुन्हा! पुन्हा!" सुरू झालं आणि त्यांचा चेहरा बघता बघता बदलला. "कार्मोझीना... बाळा... लिस्बनला दुसरी नायिका. तीन गाणी. समुद्र अजिबात नाही. हो म्हण."

"बुधवारी सांगते."

"बुधवार म्हणजे उद्याच!"

"मग उद्या सांगते."

पहिली नायिका पंख्याने वारा घेत आपल्या प्रवेशाची वाट बघत होती. मी जवळून जाताना तिने नाक मुरडलं, आणि मग अगदी हळू म्हणाली, "कोण ग तो मेला?" मी तशीच पुढे चालत गेले. अंक संपून लोक शांत होईपर्यंत मी खोलीतच बसून राहिले. मावशीने मुकुट काढला, बंद सैल केले. मला वाटलं होतं आता नेहमीसारखी गळून जाईन. गळले नाही. पाय जमिनीवर नीट टेकत होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा गाऊन झाल्यावर मला बसावंसं वाटत नव्हतं.

म्हणून खाली गेले.

जिन्याखाली तळं झालं होतं. सगळ्या पिंपांची झाकणं उघडी. तो झाकणं लावायला विसरला होता. लिंबाचं पाणी झालेलं, चेऱ्या त्यांच्या रसात तरंगत होत्या, दालचिनीचा वास सगळीकडे. सावेरियो एका उपड्या पिंपावर बसला होता. हे पिंप खरोखरच उपडं होतं.

"बुडवलंत मला," तो म्हणाला.

"हो."

"वर्षातला सगळ्यात मोठा दिवस होता."

"माहीत आहे. वाईट वाटतंय मला." आणि खरंच वाटत होतं. "लोक बाहेर येतील असंच धरून चालले होते मी. नेहमी येतात."

"असं ऐकल्यावर कोण येतंय?" तो लाल हातांकडे बघत राहिला. मग एक पेला घेतला, वितळलेलं लिंबू त्यात ओतलं, माझ्यापुढे केलं. "मी म्हणालो होतो ना, चांगल्या गात असाल तर पाप होईल. मला काय माहीत, इतकं मोठं... जा तुम्ही लिस्बनला. मला सांगितलं मघाशी दारावरच्या माणसाने, दुसरी नायिका केलंय म्हणे."

मी ते पाणी पिऊन टाकलं. गोड होतं, आंबट होतं, गार अजिबात नव्हतं.

"सावेरियो, रविवारी तुम्ही म्हणालात ते निम्मं बरोबर होतं. दमले होते मी, आणि म्हणूनच आले होते. पिंप दिसलं म्हणून बसले." पेला मी त्याच्या हातात दिला, आणि हात मात्र काढून घेतला नाही. "आज मी दमलेली नाहीये. आज मला बसायला जगातल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि तरी मी जिना उतरून इथे आले. आता काय म्हणता?"

वरच्या मजल्यावर तिसरा अंक सुरू झाला, व्हायोलिनं घाईघाईने कुठल्याशा लग्नाकडे धावायला लागली. त्याची बोटं माझ्या बोटांवर मिटली. भेगांमुळे खरखरीत, आणि बर्फात हात घालणाऱ्या माणसाची असूनही ऊबदार.

"सिन्योरा..."

"कार्मोझीना."

"कार्मोझीना," तो म्हणाला. ते नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं, आणि घेतल्यावर जरा थांबला. त्याने आपली पिंपं बघितली, तांब्याची भांडी, आजाच्या वेळेपासूनचा तो जिना... एकेकाकडे नीट बघितलं. आयुष्यात तो कधी खाडीच्या पलीकडे गेला नव्हता.

मग घसा खाकरून, अगदी कामाचं बोलतोय अशा आवाजात त्याने विचारलं, "तिकडे लिस्बनला... बर्फ मिळतो का हो?"